हिरडीवरची काळी पावडर

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांचा आणि माझा संसार सत्तावीस वर्षांचा, नवऱ्याशी आहे तेवढाच, आणि या सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडाकडं नीट कधी बघितलं नव्हतं. बोलताना नजर कानातल्या कुड्यांवर ठेवायची, हे मी लग्नानंतर आठवड्याभरातच शिकले. कारण तोंडात मिश्री. ज्यांच्या घरात हे प्रकरण नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. नाव दात घासण्याचं, पण दिवसातनं पाच वेळा कोण दात घासतं?

सकाळी सहाला आत्या दारातल्या पायरीवर बसायच्या. बोट तोंडात, नजर रस्त्यावर, अर्धा तास तेच. शेजारची कोणी गेली की बोट बाहेर काढून तिच्याशी बोलायचं, बोलून झालं की पुन्हा आत. काळी लाळ हनुवटीवर आली की पदरानं टिपायची. मग मोरीत जाऊन थुंकायचं, पाणी ओतायचं राहून जायचं, आणि मागनं मी तांब्या घेऊन हजर. बोट पुसायला फडकं दिलं तर फडकं कुठंतरी गडप व्हायचं आणि बोट दाराच्या चौकटीला पुसलं जायचं. चौकटीवर बसल्या उंचीला एक काळा पट्टाच होता. दोनदा रंग दिला, दोनदा तो परत आला. मला या सगळ्याची किळस यायची आणि ती मी कधी लपवली नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवीच्या वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहून द्यायचे आणि घरी येऊन मोरीत पाणी ओतायचं, असं माझं चाललेलं.

एकदा ती मिश्री माझ्याही तोंडात गेली होती. पहिल्या खेपेला दिवस गेलेले, दाढ ठणकत होती, तर आत्यांनी चिमूटभर पूड माझ्या हिरडीवर दाबली. दोन मिनिटांत मला उचक्या लागल्या, दरदरून घाम फुटला, भिंत फिरायला लागली आणि मी अंगणात जाऊन भडाभडा ओकले. आत्या आणि माझी नणंद दोघी हसत होत्या. "पचली न्हाय पोरीला," आत्या म्हणाल्या. तेव्हापासून माझा तिरस्कार पक्का झाला.

गेल्या वर्षी आत्यांना भाकरीचा पापुद्रा टोचायला लागला. आधी बोलल्या नाहीत. आमटीत भाकरी कालवून गिळायला लागल्या तेव्हा मला शंका आली. चार दिवस मागं लागून त्यांना राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई शिरोळकडच्या, जैन शेतकऱ्याची लेक, बोलायला मऊ पण आपला हेका न सोडणारी. त्यांनी आत्यांच्या गालाच्या आतला फोटो काढून मोठ्या पडद्यावर दाखवला. मी सत्तावीस वर्षं जे टाळलं ते एकदम पंख्याएवढं समोर आलं. काळे पडलेले दात, मुळाशी उघडे, आणि खालच्या हिरडीच्या खोबणीत एक पांढरा, जाड, सुरकुतलेला डाग. मी खिडकीबाहेर बघितलं.

डॉक्टरीणबाई आत्यांसमोरच म्हणाल्या, "आजी, हा डाग मिश्रीचा. आज साधा असेल, उद्या कॅन्सर होऊ शकतो. तो कापून तपासायला पाठवायचा, आणि शेजारच्या दोन हलत्या दाढा काढायच्या. पण त्याच्या आधी तीन आठवडे मिश्री बंद. एक चिमूटसुद्धा नाही. डाग खरा किती आहे ते मला त्याशिवाय कळणार नाही, आणि जखमही भरायची नाही."

आत्यांनी मान हलवली. मग बाईंनी आरसा आणि ती बारीक आकडी हातात घेतली, नुसती दाढ हलवून बघायला, तर आत्या गळ्यातल्या त्या निळ्या कागदी रुमालासकट खुर्चीतनं उठल्या, जिना उतरल्या आणि थेट रिक्षात जाऊन बसल्या. मी चपला हातात घेऊन मागं. लहानपणी भुदरगडाकडं त्यांच्या थोरल्या बहिणीची दाढ कुणीतरी सांडशीनं उपटली होती, आणि ती मुलगी आठ दिवसांत गेली. हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "म्या तिचं तोंड बघितलंय," त्या म्हणाल्या. "मी मरतो घरात, पर त्या खुर्चीत बसनार न्हाय."

तर प्रश्न एवढाच होता. आत्या त्या खुर्चीत बसल्या तर डाग निघणार होता, नाही बसल्या तर तो तोंडात वाढत राहणार होता.

मिश्री मी त्याच दिवशी बंद केली. डबी फेकली, तवा भंगारात दिला, गल्लीतल्या चार घरांत जाऊन सांगून आले की आत्यांना कुणी चिमूटभर जरी दिली तर माझ्याशी गाठ आहे. पुढचे सहा दिवस आमच्या घरात जे झालं ते मी दुश्मनाच्या घरातही होऊ नये म्हणेन. एकीकडं मिश्रीची तलफ, दुसरीकडं खुर्चीचं भय. आत्या दुपारी झोपेनात, जेवेनात, टीव्ही लावला की बंद कर म्हणायच्या, बंद केला की लाव म्हणायच्या. भांडी आपटायच्या. मी शाळेतनं आले की पहिलं वाक्य, "आलीस व्हय मला मारायला?" मालकांना विचारलं तर म्हणाले, "आई तुझं ऐकते, तूच बघ." कुणाचं काय आणि यांचं काय. मालकांनी एवढं बोलून पेपर उघडला.

मग मी काढे सुरू केले. शाळेतल्या एका बाईंनी ब्राह्मी सांगितली, शेजारणीनं अश्वगंधा, मोबाइलवरच्या कुठल्यातरी वैद्यानं जटामांसी. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. मला वाटलं, नाक मुरडतील, पण त्या म्हणाल्या, "गवती चहा, ब्राह्मी, अशानं थोडं बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. भीती कमी झाली तर मलाही काम सोपं. जायफळ मात्र जास्त नको. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून एक करा, जे काही द्याल ते आधी मला आणून दाखवा. पुडी असो, बाटली असो, घरची असो नाहीतर दुकानातली." मी हो म्हटलं. वहीत लिहूनही ठेवलं.

गंगावेशीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातनं पुड्या आणल्या, डॉक्टरीणबाईंना दाखवल्या आणि उकळायला लागले. जटामांसीचा वास ज्यानं घेतला नसेल त्यानं घेऊ नये. ओलं घोंगडं महिनाभर कोपऱ्यात पडावं तसा तो वास स्वयंपाकघरात भरला आणि वरणाला, भाताला, माझ्या केसांना लागला. काढा देताना माझा एक नियम होता, आधी घोटभर स्वतः प्यायचा. प्यायले. घशात कडू जाळ आणि वर ती घाण. आत्यांनी वाटीभर तोंडात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि सगळा माझ्या साडीवर थुंकला. ब्राह्मी प्यायल्या, पण भीती तिथंच. दुधात जायफळ उगाळून दिलं तर दुपारभर घोरत पडल्या, उठल्यावर म्हणाल्या की स्वप्नात बहीण आली होती, आणि संध्याकाळी नव्यानं रडायला लागल्या. मला दया यायला हवी होती. खरं सांगते, मला वीट आला होता. काढ्याचा, थुंकीचा, रडण्याचा, सगळ्याचाच.

सातव्या दिवशी वन्सं आल्या. माझी नणंद, आत्यांची एकुलती एक लेक, गारगोटीजवळच्या गावात दिलेली. म्हशी, डेअरीचं दूध, दोन एकर ऊस यातनं तिला घरचं माणूस दिसत नाही, पण आईसाठी एसटी पकडून आली होती. पदराच्या गाठीतनं तिनं एक पत्र्याची डबी काढली.

"वैनी, गारगोटीच्या बाजारात एक औषधवाली बसती. दात काढायच्या आधी समदी तिच्याकडनंच न्हेत्यात. भ्या जातंय, धडधड जाती, झोप लागती. लवंग हाय, कापूर हाय, ओवा हाय, अक्कलकारा हाय, आनि कसल्या कसल्या मुळ्या. सकाळ-संध्याकाळ हिरडीला चोळायची. पाक झाडपाल्याचं हाय बघा."

डबी उघडली. बारीक काळी पूड. लवंग आणि कापराचा एवढा भपकारा की डोळ्यात पाणी आलं. काळं बघून मी दचकले, तर वन्सं म्हणाल्या, मुळ्या जाळून राख करतात म्हणून काळी. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ही बाई खोटं बोलायला लागली तर तिचे कान लाल होतात.

डबी मी माझ्या ताब्यात ठेवली. आत्यांचं बोट थरथरत होतं आणि दुखरा कोपरा आत मागं होता, म्हणून लावायचं काम माझ्याकडं आलं. ज्या तोंडाकडं बघवत नव्हतं त्या तोंडात बोट घालायची पाळी आली. आतला ओलसर गरमपणा, दातांच्या खडबडीत कडा, हिरडीचा मऊ लिबलिबीतपणा. मी श्वास रोखून पूड चोळली, बोट साबणानं तीनदा धुतलं आणि तरी दिवसभर त्या हातानं पोळी खाल्ली नाही.

आणि काय सांगू, दहा मिनिटांत आत्या शांत. पाय पसरून भिंतीला टेकल्या. खांदे सैल पडले. "बरं वाटतंय गं," म्हणाल्या. दुपारी जेवल्या. संध्याकाळी मी बोट लावायच्या आधीच तोंड उघडून बसल्या. वन्सं आनंदानं रडायच्या बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघून गेल्या, जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "वैनी, तुम्हीच करतायसा म्हणून आई वाचंल."

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि चिमूटभर पूड स्वतःच्या हिरडीला लावली. नियम होता ना, आधी आपण घ्यायचं. या वेळी एक दिवस उशिरा. आधी लवंग झणझणली, मग कापूर गार लागला, जिभेला मुंग्या आल्या. मग उचकी लागली. मग दुसरी. कपाळावर घाम आला आणि ओट्याची कड मला दोन दिसायला लागली. मी सिंकवर वाकून ओकले.

मला कळलं. त्या क्षणी कळलं, शंका वगैरे काही नाही. शरीर विसरत नाही. लवंग-कापराच्या खाली ती तीच होती, मिश्री. त्या औषधवालीनं मिश्रीत चार मसाले कुटून भीतीचं औषध म्हणून विकायला ठेवलं होतं, आणि भीती जात होती कारण तलफ भागत होती. गावोगावच्या बायका दात काढायच्या आधी तिच्याकडनं हे नेत होत्या. त्या बाईची मला एवढी चीड आली की समोर असती तर डबी तिच्या तोंडावर मारली असती.

डबी मी कचऱ्याच्या डब्यावर धरली. आणि मग परत फळीवर ठेवली.

का, ते सांगते. बाहेर आत्या भिंतीला टेकून देवाचं काहीतरी पुटपुटत बसल्या होत्या आणि घरात आवाज नव्हता. आठवड्यानंतर पहिल्यांदा घरात आवाज नव्हता. मी तोंड धुतलं, आरशात बघितलं आणि स्वतःला म्हटलं, अक्कलकारा असेल. अक्कलकाऱ्यानंही जिभेला मुंग्या येतात. पोट रिकामं होतं म्हणून ओकले. दोनच आठवडे राहिलेत, आत्या खुर्चीत बसल्या म्हणजे झालं. एकदा दाढा निघाल्या, डाग निघाला, की डबी फेकू. सातवीच्या मुलांना मी विचारते, निष्कर्ष काढायच्या आधी काय करायचं, आणि ती कोरसमध्ये सांगतात, परत तपासायचं. मी परत तपासलं नाही. डॉक्टरीणबाईंना डबी दाखवली नाही. पुढचे चौदा दिवस रोज दोन वेळा मी माझ्या हातानं ती पूड त्या डागावर चोळली. तिसऱ्या दिवसापासून किळसही येईनाशी झाली.

ठरल्या दिवशी आत्या इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. रिक्षात रस्ताभर गप्पा. खुर्चीत जाऊन अशा बसल्या की डॉक्टरीणबाईच चकित झाल्या. "आजी, भीती गेली वाटतं?"

"गेली की. लेकीनं औशद आनलंय, सून लावती."

बाईंनी हसत दिवा ओढला, गाल बाजूला केला आणि त्यांचं हसू गेलं. कापसाची घडी करून त्यांनी खोबणीतनं फिरवली. कापूस काळा निघाला. त्यांनी तो नाकाशी धरला, मग दिव्याखाली धरला. डाग त्यांनी पट्टीनं मोजला, आधीचा फोटो उघडला, परत मोजला. मी भिंतीवरचं दात कसे घासावेत याचं चित्र बघत होते.

"औषध आणलंय का सोबत?"

डबी पर्समध्येच होती. वाटेत गरज लागली तर म्हणून घेतली होती. दिली. त्यांनी चिमूट पांढऱ्या कागदावर टाकून सुरीच्या टोकानं पसरली, वाकून वास घेतला आणि माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ही मिश्री आहे. लवंग घातलेली मिश्री. मी तुम्हाला सांगितलं होतं, जे द्याल ते आणून दाखवा. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "नणंदेनं आणली. झाडपाल्याची आहे म्हणाली."

एवढं सहज निघालं तोंडातनं. आत्या खुर्चीत तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडं बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी हात लावला नाही. डाग पुढं सरकलाय, एका कडेला लाल झालाय, पण या मिश्रीच्या थराखाली खरा किती तेच कळत नाही, म्हणाल्या. परत तीन आठवडे, आणि या वेळी दर चार दिवसांनी तोंड दाखवून जायचं. घरी आल्यावर मालकांना एकदम कंठ फुटला. त्यांनी बहिणीला फोन लावला आणि वीस मिनिटं तिला फाडून खाल्लं. आईच्या जिवावर उठलीस, बाजारातल्या कुठल्याही बाईचं ऐकतीस, अक्कल गहाण ठेवलीस का. पलीकडनं नुसतं रडणं ऐकू येत होतं. मी चहा गाळत होते. गाळून झाला, कपात ओतला, नेऊन दिला. वन्सं त्यानंतर आल्या नाहीत. मालकांनीच सांगितलं होतं, काम होईस्तोवर येऊ नकोस.

त्या दुसऱ्या तीन आठवड्यांबद्दल मी बोलत नाही. आत्या पहिल्यापेक्षा जास्त तडफडल्या आणि पहिल्यापेक्षा कमी बोलल्या. काढा मागितला नाही, थुंकला नाही, दिला तो प्यायल्या. शेवटी खुर्चीत बसल्या त्या कुठल्याही पाल्यामुळं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दर चार दिवसांनी बोलावून नुसतं बसवलं, एकदा दिवा लावून, एकदा आरसा दाखवून, एकदा भुलीचं इंजेक्शन कसं असतं ते स्वतःच्या बोटाला सुई टेकवून. खुर्चीची सवय झाली. ही गोष्ट पहिल्यांदाच करता आली असती, पण मला घाई होती.

ऑपरेशनमध्ये दोनच्या चार दाढा निघाल्या आणि गालाच्या आतला ठरला होता त्याहून बराच मोठा भाग कापावा लागला. तपासणीत आलं की कॅन्सर नाही, पण पेशी बदलायला लागल्यात. दर दोन महिन्यांनी दाखवायचं, आयुष्यभर. मी बाईंना एकटीला गाठून विचारलं, ते पंधरा दिवस मध्ये गेले नसते तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित एवढंच कापावं लागलं असतं, कदाचित कमी." मला त्यांनी काहीतरी पक्कं सांगायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

टाके ओढायला लागले की आत्यांचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. मी शाळेतनं रजा काढली होती. मऊ भात कुस्करून, पातळ करून, चमच्यानं एका कडेनं भरवायचा. निम्मा बाहेर यायचा, जखमेचा आंबूस वास यायचा, आणि मी टिपत बसायची. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी माझा चमचा धरलेला हात खाली केला.

"लेकीला बोल लावू नगासा," त्या म्हणाल्या. शब्द दातांतनं नाही, ओठांतनंच येत होते. "तिला काय कळतंय? ती मिसरीला कवा शिवली न्हाय. तुला कळलं हुतं."

मी चमचा वाटीत ठेवला.

"मलाबी पयल्या चिमटीलाच कळलं. पन्नास वर्सं लावलीया, मला न्हाय कळनार व्हय? आत सिंकात तुझं ओकणंबी मी ऐकलं. मला वाटलं, आता फेकती डबी. आनि तू सांजचं परत बोट लावलंस." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तवा म्हटलं, ही माझ्यावर माया करती. माझं हाल हिला बघवंनात. म्हनून डॉक्टरीनीम्होरं मी त्वांड उघडलं न्हाय. तुला बोलली असती ती."

एवढं बोलून त्या दमल्या. मग त्यांनी माझं मनगट परत धरलं, आवाज एकदम बारीक केला, आणि म्हणाल्या, "एक चिमट दे की. एकच. लेक देनार न्हाय, रडत बसंल. तू दे. तू करतीस माया."

मला स्वतःची एवढी घाण कधी वाटली नव्हती. सत्तावीस वर्षांत त्यांनी माझ्यापाशी मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती त्यांनी कशाच्या भरवशावर मागितली?

"आत्या, ती माया नव्हती," मी म्हटलं.

"मग काय हुतं?"

"मला तुमची कटकट नको होती. तुम्ही गप बसत होता म्हणून मी लावत होते. मला तुमच्या तोंडाचं काही पडलं नव्हतं, घर शांत पाहिजे होतं. आणि डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं. मालकांनाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या देतील, आणि दोन्हींसाठी मी तयार होते. त्यांनी उशीजवळचा माझा मोबाइल उचलला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"लाव फोन लेकीला. आनि हेच तिला सांग. माझ्यादेखत."

मी लावला. स्पीकरवर टाकायला लावलं त्यांनी. पलीकडं तीन-चारदा वाजला, मागं म्हशीचं हंबरणं ऐकू आलं, आणि मी काही बोलायच्या आत वन्संनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "वैनी, माझ्या हातनं आनि काय झालं व्हय?"